कर्ण्यावरून आलेलं नाव

॥ श्री ॥
देवरुख, १० फेब्रुवारी १९९९

चि. श्रीरंग यास यमुनाताईचे आशीर्वाद.

सुखरूप पोचले. निघताना तुझ्याशी बोलले नाही, कारण बोलले असते तर तोल गेला असता. आता लिहिते.

आठ दिवस तुझ्या फ्लॅटमध्ये मी टीव्हीसमोर बसून काढले. वसई दाखव म्हटलं की तुझं ठरलेलं, रविवारी बघू. रविवारी तू झोपलास. सोमवारी तुझ्या बायकोला, संपदाला सांगून मी निघाले, स्टेशनवरून बस धरली आणि पारनाक्याला उतरले. काय बाजार आहे रे! ओल्या बोंबलांचे ढीग, लाल लुगड्यातल्या बायका, त्यांच्या टोपल्यांत भाजी आणि उन्हात वाळवलेली केळी, म्हणजे सुकेळी. ज्युली नावाच्या बाईंनी सुकेळं चाखायला दिलं नि किल्ल्याची वाट सांगितली. बुरूज पाहिले, नागेश्वराला हात जोडले, पडक्या चर्चच्या सावलीत बसले. परत येऊन ज्युलीबाईंजवळ टेकते तोच रिक्षावरचा कर्णा ओरडत आला, "हिरवं पातळ नेसलेली यमुना नावाची म्हातारी हरवली आहे. तिचं डोकं ठिकाणावर नाही."

सगळा बाजार माझ्याकडे बघायला लागला. एकाने तर माझा दंडच धरला. ज्युलीबाईंनी त्याचा हात झटकला, म्हणून सुटले. चौतीस वर्षं भूगोल शिकवला मी, श्रीरंग.

माफी नको. असं का सांगितलंस ते लिही.

तुझी,
ताई

वसई, १६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

राग मलाही आहे. तू बाजारात जाते म्हणालीस, संपदाला वाटलं खालच्या वाण्याकडे. चार वाजले तरी पत्ता नाही. ती रडत होती, मी ऑफिसातून धावत आलो. कर्णा लावलेल्या रिक्षावाल्याला गाठलं, त्याने विचारलं, बाई कुठे जातील, त्यांना काय बघायला आवडतं. ताई, मला सांगता येईना. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि तुला काय आवडतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या लाजेत जे तोंडाला आलं ते बोललो. चुकलो. पण तू चिठ्ठी ठेवायला हवी होतीस.

तुझ्या ओरडण्याचा हक्कदार,
श्रीरंग

देवरुख, २२ फेब्रुवारी

चि. श्रीरंग यास आशीर्वाद.

चिठ्ठीचं मान्य. बाकी राग आहे तसाच आहे. तेरा वर्षं तिथे राहून तू किल्ला पाहिलेला नाहीस, हे संपदाने सांगितलं. पुढच्या शुक्रवारी येते. उतरणार ज्युलीबाईंकडे, त्यांनी पत्ता दिला आहे. तू शनिवारची रजा टाक आणि सकाळी नऊला पारनाक्यावर उभा राहा. चालायचं खूप आहे, बूट घालून ये.

लोभ अजून शिल्लक असलेली,
ताई