उशीखालचे गोट

गंगाखेड,
गुरुवार, ता. १२ फेब्रुवारी १९५९

चि. सौ. कडूबाईस अक्काचा आशीर्वाद.

मी बरी आहे. बाळाची नाळ पडली असेल. तुला वाचता येत नाही आणि तुझी लेक केशर आता दुसरीत आहे, म्हणून अक्षर मोठे काढले आहे. केशर, अडलीस तर थांब, पण गाळू नकोस. आणि आजीसमोर वाच.

घडले ते असे:

१. शनिवारी, ३१ जानेवारीला, तू राणीसावरगावहून बैलगाडीने आमच्या दवाखान्यात आलीस.
२. सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तुला मुलगा झाला. वजन सहा पौंड दोन औंस.
३. पुढच्या शनिवारी तू घरी गेलीस.
४. तुझी खाट झाडताना उशीखाली फडक्यात बांधलेले चांदीचे गोट निघाले.

तू ते विसरली नाहीस. विसरणारी बाई फडक्याला तीन गाठी मारत नाही.

हे गोट माझ्या लग्नासाठी केले होते. सोनाराने दोऱ्याने माझ्या मनगटाचे माप घेतले आणि आठ दिवसांनी मी कडब्याच्या गंजीवरून पडले. पाय मोडला. परभणीच्या दवाखान्यात सहा आठवडे राहिले. लग्न ठरल्या तिथीलाच झाले. मुंजाजीरावांसमोर माझ्या जागी तू उभी राहिलीस. चौदा वर्षांची होतीस. गोट तुला दिले, पण तू ते कधी घातले नाहीस. तुझ्या सासूबाई म्हाळसाबाई अजून म्हणतात ना, "मागितली एक, पदरात पडली दुसरी"?

चौथ्या दिवशी मी तुझी नाडी पाहत होते, तेव्हा तू म्हणालीस, "अक्के, ह्ये घर तुजं व्हतं. म्या नुस्तं राखायलेय."

मी म्हणाले, "बोलू नकोस, मोजते आहे."

नाडी अठ्ठ्याहत्तर होती. तू बोललीस त्याआधीच ती मोजून झाली होती.

आता उत्तर देते.

लग्न रविवारी होते. त्याआधीच्या मंगळवारी माझे प्लास्टर काढले. गुरुवारी मी वॉर्डच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, भिंत न धरता. शुक्रवारी आबा न्यायला आले. मी पांघरूण ओढून घेतले आणि म्हणाले, "उभं राहवत न्हाई, आबा."

आबांनी माझ्या पायाकडे पाहिले. "हळद कांडलीया. पाव्हणे यायलेत," एवढे बोलून गेले. कमलबाई नर्स शेजारीच होत्या. त्यांनी मला चालताना पाहिले होते. त्यांनी माझे पांघरूण नीट खोचले. त्या सहा आठवड्यांत त्यांनी मला थर्मामीटर वाचायला शिकवला होता. अक्षरे मला नंतर आली. मला तिथून जायचे नव्हते.

लग्न पुढे ढकलतील असे वाटले होते, असे मी दहा वर्षे स्वतःला सांगत आले. ते खरे नाही. घरात तू होतीस, हे मला ठाऊक होते. तुला कोणी विचारले नाही. मीही नाही.

तेव्हा माझी जागा तू घेतलेली नाहीस. मी ती सोडली, आणि तुला कळू दिले नाही. म्हाळसाबाईंनीही हे ऐकावे.

त्या लग्नाला गेलेच असते तर, हे मी अधूनमधून मनात मांडून पाहते. मुलगा झाला त्या दिवशी मुंजाजीराव खांद्यावर घोंगडी टाकून आले. मुलाकडे बघायच्या आधी त्यांनी तुला विचारले, "काही खाल्लंस का?" तू म्हणालीस, "तुमच्या मायनं काय बांदून देलंय त्ये आदी दावा." सगळा वॉर्ड हसला. मी कात्री उकळत होते. किती मिनिटे झाली ते विसरले. पुन्हा पहिल्यापासून दहा मिनिटे उकळली.

तेवढेच. गेल्या वर्षी मी एकशे बारा बाळंतपणे केली. संध्याकाळी माझ्या खोलीचे कुलूप काढते, दोन भाकरी टाकते, दारात बसून खाते. मला बरे वाटते. दुसरे काही नको आहे.

तू तुझ्या घरात सुखी आहेस की नुसती राखणीला आहेस, हे मात्र मला मोजता आले नाही.

गोट मी घालून पाहिले. बोटांच्या सांध्यांवरून पुढे जात नाहीत. तुझे मनगट मी पाच दिवस धरले आहे. ते तुला बरोबर बसतील. मुंजाजीराव आज बाजाराला आले आहेत, बाहेर थांबले आहेत. गोट आणि पत्र त्यांच्याकडेच देते. त्यांना यातले काही ठाऊक नाही. तुझ्याबरोबर तेही ऐकतील.

बारसे रविवारी, ८ मार्चला ठेवले आहे, असे ते म्हणाले. रजेचा अर्ज आठ दिवस आधी द्यावा लागतो. हे सगळे ऐकल्यावर मी यावे की येऊ नये, ते केशरच्या हातून लिहून पाठव. नको असेल तर नको असे लिही. गोट मात्र परत पाठवू नकोस.

उत्तर गुरुवार, २६ फेब्रुवारीपर्यंत यावे.

दोन्ही पाय धड असलेली,
तुझी अक्का