सुकऱ्यामामाला पडवीच्या खोलीतून कोणी उठवू नये

मी रूपेश फागू वारघडे, वय सत्तावीस, शाळेच्या दाखल्यावर अठ्ठावीस, शिक्षण सातवी, राहणार खोडाळा, तालुका मोखाडा, जिल्हा पालघर, सध्या मुक्काम राजस्थानात जैसलमेरच्या पुढे बिजलीच्या टॉवर लाईनीवर, हा कागद माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. दारू घेतलेली नाही, ताप नाही, कोणी दम दिलेला नाही. मरायची घाईपण नाही. पण मागच्या महिन्यात आमच्या गँगमधला पलामूचा गडी साठ मीटरवरून खाली आला, आणि त्याची पत्र्याची पेटी कुणाला पाठवायची हे तीन दिवस कोणाला ठरवता आलं नाही. म्हणून मी माझं लिहितो. अक्षर वाईट आहे, पण खोटं काही नाही.

कलम एक. खोडाळ्याचं घर माझा बाप फागू याने बांधलं. बाबा गेल्यावर ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर आम्हा दोन भावांची नावं लागली, नितीनदादाचं आणि माझं. माझा अर्धा हिस्सा माझ्यामागे दादाला आणि त्याच्या पोरांना जावा. पण त्यातली पडवीची खोली, जिच्या खिडकीतून नागलीचं शेत दिसतं, ती माझा मामा सुकऱ्या धर्मा खिरारी जिवंत असेपर्यंत मामाची. त्याला तिथून कोणी उठवू नये. भाडं मागू नये, बकऱ्या बांधायला लागतात म्हणून सरकव म्हणू नये. हे कलम सगळ्यात मोठं. बाकीची हरवली तरी चालतील.

मामा कोण हे कोर्टात विचारतील, म्हणून सांगतो. ज्यांचं वय आज पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना सुकऱ्या खिरारी म्हटलं तर कळणार नाही. एस. कुमार जव्हारकर म्हणा. शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर निळा चमकणारा कोट घालून नकला करायचा, तो. नाव टीव्हीवाल्यांनी बदललं. म्हणाले, सुकऱ्या नाव पाटीवर बरं दिसत नाही. मामा म्हणाला, पाटीवर काहीपण लिहा, आवाज माझेच आहेत.

मंत्र्यांचे आवाज काढायचा, पिक्चरमधल्या गुंडांचे, क्रिकेट सांगणाऱ्याचे. पण लोक थांबायचे ते जव्हारच्या एसटीसाठी. जव्हार स्टँडवरून खोडाळ्याची गाडी सुटते, घाटात कण्हते, ड्रायव्हर गिअर टाकतो तो पडत नाही, कंडक्टर घंटी मारतो, एक म्हातारी कोंबडी घेऊन बसली आहे आणि कोंबडी कंडक्टरला टोचते. हे सगळं एकटा मामा, दोन हात आणि एक तोंड. खोडाळ्यात तेव्हा एकच टीव्ही होता, पंचायतीत. आमच्या पाड्यावरची गोदी आजी मरेपर्यंत सांगायची, "मुंबईच्या टीव्हीवर माझी कोंबडी बोलली." तिला कोणी म्हटलं की आजी, तो सुकऱ्या होता, तर चिडायची. "मला माझी कोंबडी कळत नाय?"

मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पुढे चॅनेल वाढले, नवे पोरगे आले, मामा ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मध्ये उभा राहू लागला, मग वाढदिवसांना, मग ठाण्यात रिक्षावर भोंगा लावून साबणाची जाहिरात. मी नऊ वर्षांचा असताना तो आईकडे आला. आई म्हणजे रखमी, त्याची धाकटी बहीण. हातात एक पिशवी आणि तो कोट. आईने विचारलं, "किती दिवस?" मामाने बाबाच्या आवाजात उत्तर दिलं, "राहू दे गं, पडवी रिकामी आहे." बाबा आत जेवत होता. त्याला ठसका लागला. बाहेर येऊन म्हणाला, "मी बोललोच आहे तर राहा आता."

कलम दोन. माझे नट आवळायचे पाने, मोठे-लहान सगळे, आणि दोर ओढायचे हातमोजे माझा जोडीदार अर्जुन याला. बेल्ट आणि हेल्मेट कंपनीचं आहे, ते कंपनीला. मोटारसायकल नितीनदादाला. तिचा आरसा मी तोडला, आधी तो लावून घ्यावा. बँकेत जे असेल ते मामाच्या औषधाला, उरलं तर वहिनी पुष्पाला. तिने मला कधी दार बंद केलं नाही, मी भिवंडीचं काम सोडून आलो तेव्हाही नाही, बोअरिंगच्या गाडीवरून कर्नाटकातून पळून आलो तेव्हाही नाही. मला एका जागी बसवत नाही हा माझा दोष आहे, घरच्यांचा नाही.

कलम तीन. मामाचा निळा कोट मामाचाच आहे, पण तो म्हणतो तुझा, म्हणून लिहितो: मामा गेला की कोट त्याच्या अंगावर घालावा. कसर लागली आहे तरी.

कलम चार, हिशेब नाही, राग आहे. खोडाळ्याच्या बाजारात सुकी मासळी विकणारा बाबल्या मामाकडे बघून मोठ्याने बोलला, "टीव्हीवाल्याच्या गळ्याला भोक पडलंय, आता शिट्टीची नक्कल करा." त्याला मी माफ केलेलं नाही. मी मेलो तर माझ्या दिवसाला त्याला जेवायला जरूर बोलवावं, आणि त्याच्या पानात मामाने स्वतः वाढावं. एवढं पुरे.

गळ्याचं सांगायला पाहिजे. पाच वर्षांपूर्वी मामाला गळ्याचा रोग झाला. नाशिकला ऑपरेशन केलं, आवाजाची पेटीच काढली. आता तो मानेच्या भोकातून श्वास घेतो, तिथे नळी आहे, वर रुमाल बांधतो, आणि पाटीवर लिहून बोलतो. डॉक्टर त्याला म्हणाले की आता आवाज येणार नाही. मामाने पाटी मागितली आणि लिहिलं, "साहेब, तुमचा आवाज सोपा होता. थोडं आधी भेटायला पाहिजे होतं." डॉक्टर हसले आणि मग उठून बाहेर गेले.

डॉक्टर म्हणाले बिडीने झालं. दादा म्हणतो आवाज बाबाने नेला. इथून आमच्या घरातलं भांडण सुरू होतं आणि कलम एक त्याच्यासाठीच आहे.

बाबा आठ वर्षांपूर्वी गेला. आईला मोतीबिंदू, दिसत नव्हतं, आणि तिने जेवण सोडलं. वहिनी ताट ठेवायची, आई हात लावायची नाही. चौथ्या दिवशी दुपारी पडवीतून बाबाचा आवाज आला, "रखमे, भाकर घे." आईने हात पुढे केला. त्या दिवसापासून मामा रोज बाबाच्या आवाजात दोन शब्द बोलायचा आणि आई जेवायची. आमच्यात मेलेल्या माणसाचा आवाज काढत नाहीत. त्याचा धातूचा टाक करून त्याला पितरांत बसवेपर्यंत तो वाटेवर असतो, हाक आली तर माघारी वळतो. दादाने मामाची गचांडी धरली. "माझ्या बापाला वाटेतून परत बोलावतोस?" दुसऱ्या दिवशी पडवीतून परत, "रखमे, भाकर घे."

मी आईला एकदा विचारलं, तुला खरं वाटतं का? ती म्हणाली, "मी काय येडी आहे? भाऊस आहे माझा, लहानपणी माझ्यासाठी घुबड बोलायचा. पण घास उतरतो ना बाबा."

पुढच्या पावसात आई गेली. मग मामाचा गळा गेला. दादाने दोन्ही त्या आवाजाला जोडलं आणि मामाशी बोलणं सोडलं. पाच वर्षं एका घरात, एक शब्द नाही. मी वर्षातून दोनदा जातो. मी वरून पडलो तर मामाचं काय, हीच एक भीती मला टॉवरवर असते. उंचीची नाही.

काल रविवार, दुपारी काम बंद होतं. मी दादाला फोन लावला आणि कलम एक वाचून दाखवलं.

"मेलास काय?" दादा म्हणाला.

"नाय."

"मग मढ्याचे कागद कशाला?"

"मामाला तू उठवशील म्हणून."

दादा म्हणाला, "त्याच्या गळ्यातली नळी रोज कोण काढून धुतो, माहीत आहे तुला?"

"वहिनी."

"पुष्पाला मळमळतं. मी धुतो. पाच वर्षं. सकाळी नळी, मग बैल."

मला हे ठाऊक नव्हतं. मामाने पाटीवर कधी लिहिलं नाही, दादाने कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, "मग बोलत का नाय त्याच्याशी? राग कसला?"

दादा म्हणाला, "आईला बाबा रोज ऐकवला त्याने. मी भिंतीच्या अलीकडे उभा राहायचो, बैलांना चारा घालायचं निमित्त करून. गचांडी धरली त्याच्यानंतरपण उभा राहायचो. एकदापण म्हणाला नाय, की नित्या, ये, बस, तूपण ऐक. माझा बाप नव्हता का तो? आणि आता गळाच गेला त्याचा. कुणाला सांगू?"

तेव्हा मी त्याला जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बाबाचा आवाज माझ्याकडे आहे. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस मामाने मला समोर बसवून शिकवला. म्हणाला, तोंड बघू नको, श्वास बघ, तुझा बाप बोलायच्या आधी थांबायचा, शब्द त्या थांबण्यातून यायचा. दुसरे आवाज त्याने मला दिले नाहीत. मंत्री, गुंड, एसटी, सगळं त्याच्याबरोबर गेलं. फक्त हा एक दिला. मी तो आजवर काढलेला नाही, टॉवरच्या टोकावर एकटा असतानाही नाही, कारण दादाचं म्हणणं खरं असलं तर काय, ही भीती मलापण होती.

मी म्हटलं, "दादा, काढू?"

तिकडे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. दादा म्हणाला, "फोनवर नको. घरी ये. पडवीत बस. मामा समोर पाहिजे, चुकलास तर तो सांगेल." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "ते कलम खोडू नको. माझा भरवसा मी देतो. माझ्या पोरांचा कोण देणार? कागद असू दे."

म्हणून कलम एक दादाच्या सांगण्यावरून जसंच्या तसं ठेवलं आहे. हा कागद अमलात आणायचं काम मी नितीन फागू वारघडे यालाच देतो. दुसरा कोणी नको.

कलम पाच, शेवटचं. बाबाचा आवाज मी मोबाईलमध्ये भरून ठेवलेला नाही आणि ठेवणार नाही. तो दादाला द्यायचा आहे, आणि तो कागदावर देता येत नाही. म्हणून या कागदावर सही करण्याआधी मी दुसऱ्या एका कागदावर सही केली आहे. भाताच्या कापणीसाठी पंधरा दिवसांची रजा. फोरमनने मंजूर केली. परवा सकाळी निघतो.

वरचं सगळं मी वाचून पाहिलं, दोघांना वाचून दाखवलं, आणि त्यांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केली.

सही: रूपेश फागू वारघडे

साक्षीदार एक: अर्जुन तुका भोये, राहणार वांगणी, तालुका जव्हार. (पाने मिळणार म्हणून सही करत नाही, असं लिहायला सांगतो.)

साक्षीदार दोन: रामप्रवेश महतो, फोरमन. सही हिंदीत.

ठिकाण: टॉवर लाईनीचा कॅम्प, जैसलमेरच्या पुढे
दिनांक: १३ ऑक्टोबर २०२५, सोमवार