कधी डावा, कधी उजवा

प्रिय अर्ध्या,

या हॉटेलाने माझी घोर फसवणूक केली आहे आणि ती इतिहासात नोंदली जावी म्हणून तुला कळवतो. खोलीच्या दारावर ‘शिखरदर्शन’ अशी पितळी पाटी आहे. शिखर दिसत नाही असं नाही, पण त्यासाठी कमोडच्या झाकणावर उभं राहून, पाइपाला धरून मान डावीकडे वळवावी लागते. मालकीणबाईंकडे तक्रार केली तर म्हणाल्या, “दिसतं ना? मग झालं तर!” त्यांच्या आईसुद्धा अशाच बोलायच्या, आठवतं? हॉटेल तेच, जिना तोच, तिसरी पायरी अजून करकरते. सव्वीस वर्षांत माझं वजन तेवढं बदललं, म्हणून जरा जास्त करकरते.

दमलोय रे. डोंगर चढून नव्हे, तो अजून चढलोच कुठे! बूट काढायला वाकलो की पुन्हा सरळ व्हायची खरंच गरज आहे का, असा विचार येतो. तुझी लेक म्हणाली, “काका, तुम्ही तरी चला, बाबा काही यायचे नाहीत,” आणि हा पन्नाशीतला मूर्ख पाठपिशवी आवळून निघाला. पोरगी चालते अगदी तुझ्यासारखी, दर दहा पावलांनी मागच्याची चौकशी करत. जीभ मात्र माझी उचलली आहे. संगत वाईट, दुसरं काय.

काल सरावाच्या चढणीवर तिचा पाय मुरगळला. घाबरू नकोस, आधी पुढचं वाच. आज सकाळी जेवणघरात उतरलो तर ही बाकावर बसून टम्म फुगलेला घोटा बुटात कोंबतेय. वाटाड्या काकुळतीला आला होता, “ताई, वरच्या धारेवर पाय निसटला तर मी एकटा काय करणार?” ही ऐकेना. मी दटावलं तर नाडी ओढत म्हणाली, “काका, आमच्या घरात एक अर्ध्या पुरे झाला.”

नाव मी ठेवलेलं, हे तुला वेगळं सांगायला नको. अर्ध्या वाटेवरून परतला म्हणून अर्ध्या. तुझ्या लग्नात ते मी माइकवरून जाहीर केलं. तू नोकरी सोडलीस तेव्हा नव्याने चालवलं. पुढे पुढे तुझी बायकोही त्याच नावाने हाक मारू लागली. तू हसायचास आणि गुडघा चोळायचास. कधी डावा, कधी उजवा. माझ्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आज मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो (टप्प्याटप्प्याने) आणि सांगून टाकलं. की सव्वीस वर्षांपूर्वी त्या धारेवर पाय लटपटले ते माझे. दगडाला मिठी मारून, आईला हाका मारत रडलो तो मी. शिखर तासाभरावर होतं, आभाळ स्वच्छ होतं आणि तू ठणठणीत होतास. तू एकदाच वर पाहिलंस, माझी दोरी स्वतःच्या कमरेला बांधलीस आणि चार तास मला कडेवरच्या पोरासारखं उतरवलंस. मग याच जेवणघरात सगळ्यांना म्हणालास, “माझा गुडघा गेला.” आणि मी आठवड्याच्या आत तुला नाव ठेवलं. लोक तुला हसत राहिले, की मला कुणी काही विचारणार नव्हतं.

 मग तिने नाडी सोडली. वाटाड्या बर्फ आणायला धावला. तिने एवढंच विचारलं, “तुम्ही हे मला सांगितलंत, ते बाबांना माहितीये?”

म्हणून हे पत्र. डॉक्टरांनी चार दिवस पाय टेकू नको म्हटलंय, तोवर ते तुला मिळेल. मग आम्ही येऊ. दारात ती तुझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल. तेव्हा कृपा करून गुडघा चोळू नकोस, कुठलाच. पाकिटावर तुझं खरं नाव घातलं आहे. ते आठवायला मला क्षणभर थांबावं लागलं.

तुझाच,
अर्ध्या