झुलाल आबांची मिशी आणि नईमची कात्री

तीर्थरूप पंडितमामांना,

भाची सुलक्षणाचा नमस्कार. दोन्ही हात जोडलेत असं समजून घ्या. प्रत्यक्षात एका हातात पेन आहे आणि दुसरा केळीच्या वेफर्सच्या पिशवीत आहे. तुमचा खुबा कसा आहे? प्लेट टाकलेली जागा थंडीत ठणकते का? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करताय, की फौजेत खूप केले म्हणून आता माफी घेतलीय? प्रमिलामामींना नमस्कार सांगा. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तुम्ही ‘हं, ठीक, ठेव’ एवढे तीन शब्द बोलता, त्यातला तिसरा सर्वांत आधी. पत्र मधेच कापता येत नाही, म्हणून पत्र.

मी जळगावात मजेत आहे. नोकरी तीच. दर दिवाळीला तुम्ही विचारता की तू करतेस तरी काय, मी अर्धा तास सांगते, आणि शेवटी ‘म्हणजे नर्सच की’ म्हणून तुम्ही लाडू उचलता. मामा, मी नर्स नाही हो! फौजेतून रिटायर झालेली जी माणसं अंथरुणाला खिळलीत, त्यांच्या घरी आमची संस्था जाते. माणसाला उचलायचं कसं, कुशीवर वळवायचं कसं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे घरच्यांना शिकवते आणि लागेल तिथे मदतनीस पाठवते. यात पेशंटचं काम सोपं असतं. खरी डोकेफोड असते ती पेशंटच्या बायकोला ‘बाई, जरा स्वतःकडे बघ’ हे पटवण्याची. तर तशाच एका घराची हकीकत लिहिते. गाव चाळीसगावच्या बाजूचं आहे. नाव लिहीत नाही, तिथे तुमचे ओळखीचे निघतील आणि मग गावभर माझाच उद्धार होईल.

तिथे हवालदार झुलाल आबा राहतात. फौजेत पीटीचे उस्ताद होते. तीनेक वर्षांपूर्वी लकव्यानं उजवी बाजू गेली, आवाज खोल गेला, पण दोन गोष्टी शाबूत राहिल्या: मिशी आणि शिटी. शिटी गळ्यात दोरीला अडकवलेली. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात धरून आबा ती वाजवतात आणि त्यांच्या पत्नी बेबाबाई हातातलं टाकून येतात. एक शिटी म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदल, तीन म्हणजे भांडं (कसलं भांडं ते तुम्हीही हल्ली अनुभवताय, जास्त लिहीत नाही). पोरं सासरी आणि नोकरीला. अंघोळ, जेवण, औषध, रोजची दाढी, मिशीला आकार देणं, सगळं बेबाबाई एकट्या करतात. आणि कुठे तक्रारीचा शब्द म्हणाल तर नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बेबाबाईंनी फार अगत्य केलं. फक्त ते माझं केलं नाही. कोपऱ्यातल्या गॅसच्या सिलिंडरवर मी ओढणी टाकली होती. बाई त्या सिलिंडरला म्हणाल्या, ‘बैस वं माय, उभी का शे?’ आणि चहाचा कप त्याच्या पुढ्यात ठेवला. मी म्हटलं, अगंबाई, यांना तर दिसतच नाही! (चहा मी सिलिंडरपुढचा उचलून प्यायले. चांगला होता.) तपासणीला नेलं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि डावा इतका पिकलेला की लवकर ऑपरेशन केलं नाही तर आत दाब वाढून तो डोळा कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. जळगावला नेणं-आणणं, दवाखाना, सगळं संस्था बघणार होती. बाईंनी फक्त चार दिवस घर सोडायचं होतं.

तर बाई म्हणाल्या, मी गेले तर यांची शिटी कोण ऐकणार? झालं! मी दर फेरीला समजावते, बाई दर फेरीला मला नागलीचे पापड बांधून देतात आणि डोळ्यांचा विषय निघाला की उठून गवऱ्या बघायला जातात. शेवटी मी आबांनाच गाठलं. म्हटलं, आबा, तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाले, ‘तिना डोया चांगला शेतस.’ तिचे डोळे चांगले आहेत! मामा, माझं असं डोकं तडकलं म्हणून सांगू. बायको सिलिंडरला चहा पाजतेय आणि हा माणूस म्हणतो डोळे चांगले आहेत. चाळीसगाव स्टेशनापर्यंत मी रिक्षावाल्याला सगळ्या नवरेजातीबद्दल ऐकवत आले. (तो बिचारा नुकतंच लग्न ठरलेला निघाला.)

मग मी नईमला पाठवला. नईम आमचा सर्वांत चांगला मदतनीस. भुसावळचा, वडील गनीभाईंचं सलून आहे, त्यामुळे हात हलका. म्हटलं, आधी आठ दिवस बाईंच्या सोबतीनं राहू दे, आबांना सवय झाली की बाई निर्धास्त जातील. नईमनं पहिल्याच दिवशी शिट्ट्या पाठ केल्या. पण शेजारी प्रेमराज मास्तरांचं घर आहे आणि मास्तरीणबाईंचा कुकर भिंतीपलीकडेच असतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. बेबाबाईंना कुकर कोणता आणि नवरा कोणता हे झोपेतही कळतं. नईमला कळणार कसं?

त्यात माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष आबांच्या सत्काराला आले, शाल-नारळ घेऊन. अध्यक्षांनी शाल उलगडली, तेवढ्यात मास्तरांच्या डाळीनं तीन शिट्ट्या दिल्या. नईम भांडं घेऊन धावत आला, अध्यक्षांच्या हातातली शाल घेऊन आडोसा म्हणून दारावर टाकली, त्यांना सन्मानानं बाहेर काढलं आणि आबांच्या नाडीला हात घातला. आबांनी संतापून शिटी फुंकली. सलग, न मोजता. एवढ्या शिट्ट्यांचा अर्थ नईमला शिकवलेला नव्हता, म्हणून त्याला वाटलं मामला फारच निकडीचा आहे. पुढचं लिहीत नाही. अध्यक्ष नारळ ओसरीवर ठेवून गेले, शाल मात्र परत घेऊन गेले असं ऐकते.

एवढं होऊनही नईम टिकला, कारण आबांना त्याचा हात आवडला. अंघोळ घालताना मानेखाली हात कसा द्यायचा ते त्याला बरोबर कळतं. मी मनात म्हटलं, चला, जमलं. आणि त्याच आठवड्यात त्यानं मिशी कापली.

झालं असं की बेबाबाई शेजारच्या आळीत बारशाला गेल्या होत्या. नईमनं दाढी केली आणि मिशीकडे नीट बघितलं. मामा, ती मिशी पार वाकडी होती हो! उजवी बाजू गालावर चढलेली, डावी ओठाच्या मध्यावरच संपलेली. मीही ती दर फेरीला बघत होते, पण लकव्यानं तोंड वाकडं झालंय म्हणून तशी दिसत असेल असं समजून गप्प होते. न्हाव्याच्या पोराला ते सहन होईना. त्यानं कात्री घेतली, दोन्ही बाजू सारख्या केल्या, मोबाइलच्या कॅमेऱ्यात आबांना त्यांचं तोंड दाखवलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

आबांनी बघितलं आणि चेहरा उतरला. शिटीसुद्धा तोंडात धरली नाही. म्हणाले, ‘तिले समजी जाई ना, भो!’ तिला कळून जाईल! कोणाला, काय, नईमला काही कळेना. मग आबांनी डाव्या हातानं त्याचं मनगट पकडलं आणि हुकूम सोडला की मिशी होती तशी वाकडी कर, आत्ता. आता कापलेला केस परत कसा जोडणार? नईमनं डावी बाजू आणखी थोडी कमी केली. ती जास्त गेली. मग उजवी कमी केली. मग पुन्हा डावी. इकडे मला फोन, मॅडम, मिशी चिकटवायला काही मिळतं का? मी नेमकी चाळीसगावातच होते, रिक्षा करून धावले. पोचले तेव्हा फौजेतल्या त्या मिशीचे दोन ठिपके उरले होते, तेही एका ओळीत नाहीत.

तेव्हा आबा बोलले. सलग एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. वर्ष झालं, बेबाबाईंची कात्री चुकायला लागली होती. आबांना पहिल्याच दिवशी कळलं की हिला दिसत नाही. पण मिशी वाकडी झाली म्हटलं असतं तर हिला कळलं असतं की आपले डोळे एवढे गेले, आणि मग दवाखाना, मग मुलगी म्हणणार माझ्याकडे चल, आणि इथे मागे आपण एकटे. म्हणून ते गप्प राहिले. आरसा समोर असून बोलत कसे नाहीत असं कोणी विचारू नये, म्हणून तोही भिंतीवरून काढायला लावला, खिळा सैल झाल्याचं सांगून. दरवर्षी सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला त्यांना खुर्चीवरून नेतात. यंदा सर्दी झाली म्हणून गेले नाहीत. मामा, तो मान त्यांना केवढा वाटायचा हे गावात कोणालाही विचारा. तो वाकड्या मिशीपायी सोडला, पण बायकोला एका शब्दानं बोलले नाहीत. भीती स्वतःची होती, हे त्यांनी लपवलं नाही. ‘माले भ्याव वाटे,’ म्हणाले. मी नईमकडे बघितलं, नईमनं कात्रीकडे.

एवढ्यात बेबाबाई आल्या. आल्या आल्या बारशाच्या घुगऱ्या आबांना भरवायला बसल्या. घास देताना डावा हात हनुवटीखाली धरायची त्यांची पद्धत आहे. तो हात गालावरून ओठावर गेला आणि तिथेच थांबला. बोटांनी इकडून तिकडे चाचपलं. नईम दाराकडे सरकायला लागला, मी त्याचा शर्ट धरला. सांगावं लागलं सगळं. बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘इतला दिन वाकडी व्हती? माले सांगं का बरं नही?’ आणि त्यानंतर त्या माणसाला त्यांनी जे झाडलं! लग्नापासूनचं सगळं काढलं. झाडता झाडता रडायला लागल्या, मग आबा रडले, मग नईम, आणि मी तर काय, जाहिराती बघूनही रडते हे तुम्हाला माहीत आहे. नंतर डोळे पुसून बाईंनी मला विचारलं, गाडी कधी पाठवतेस? निघायच्या दिवशी आबांनी एकच विचारलं, ‘वापस येशी ना?’ त्या म्हणाल्या, ‘नही तं कोठे जासू?’

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली, बाई घरी आल्या, आणि आम्ही बायका मंडळी टाळ्या वाजवायच्या तयारीत उभ्या, तर बाईंनी आबांकडे बघितलं, मग आढ्याकडे बघितलं आणि सगळ्या गल्लीला फैलावर घेतलं की घरात एवढी जळमटं आणि एकीनंही सांगितलं नाही! दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. तोवर त्यांची मुलगी दिपमाला दीपनगरहून राहायला आलीय. मिशी वाढतेय. नईम मोकळा झालाय.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जपा, व्यायाम करा, रागावू नका. आशीर्वाद असू द्या.

तुमची,
सुलक्षणा

ता. क. नईम मोकळा झालाय हे उगीच लिहिलेलं नाही. सोमवारी तो धुळ्याला तुमच्याकडे येतोय. याआधीचे दोघे तुम्ही दारातून परत पाठवलेत, ‘तुझी मामी आहे ना’ म्हणून. याला परत पाठवू नका. तुमच्या मिशीला हात लावणार नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

ता. क. दुसरा. मामींनी मला शपथ घातलीय की हे तुम्हाला सांगायचं नाही. मी सांगतेय. गेल्या आठवड्यात तुम्हाला खुर्चीवर बसवून त्या आत गेल्या आणि मोरीत पडल्या. तुम्ही बाहेरून ‘काय पडलं गं?’ असं विचारलंत, त्या म्हणाल्या ‘बादली’. उजवं मनगट सुजलंय, ते पदराखाली असतं. परवा भाकरी जाड झाली म्हणून तुम्ही ताट सरकवलंत ना, मामा, ती त्यांनी एका हातानं थापली होती.