खुर्ची निघाली आहे

२२ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दात काढल्यापासून तू फोनवर यायचं सोडलंस, कारण काय तर समोरच्याला नुसता वारा ऐकू जातो. त्यामुळे या वयात मला पुन्हा कागद-पेन घेऊन बसावं लागतंय. तक्रार नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, इथे निदान पानभर माझं राज्य.

डिसेंबरात दिलेल्या चेकची कवळी बसली का, हे मात्र तू दोन्ही पत्रांत लिहिलं नाहीस. बसली असेल तर चावते का? आणि चावत असेल तर कुणाला?

आता माझी बातमी. हसू नकोस. मी खुर्ची विकत घेतली. होय, मीच. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बुडाखालची सोय करून पोट भरणारा तुझा भाऊ दुकानात स्वतः रंगाच्या उलट्या डब्यावर बसतो, आणि आता कंबर म्हणते, पुरे. स्वतःसाठी एक बनवायला घेतली की ती गिऱ्हाईक उचलून नेतं. म्हणून शेजारच्या घड्याळवाल्याच्या मदतीने ऑनलाइन मागवली. कार्डाचा नंबर टाकला, बटण दाबलं, आभाराचा निरोप आला. एकवीस हजार.

आठवड्याने बँकेच्या मशीनवर खातं पाहिलं तर एक पैसा कापलेला नाही! शहाण्णव हजार जसेच्या तसे. म्हटलं, बटण नीट दाबलं गेलं नसणार. आपली बोटं खिळे धरायची, काचेवर काय चालणार? म्हणून पुन्हा दाबलं. चांगलं जोर लावून. तरीही शहाण्णव. आता मी नाद सोडला आहे. त्यांना खुर्ची विकायची नसेल तर राहिलं.

माझ्या कानामागच्या पेन्सिलीच्या हिशोबाने खात्यात इतके पैसे असायलाच नको होते. पण मशीन कशाला खोटं बोलेल? बावीस वर्षं माझीच बेरीज चुकत असणार. एकूण काय, तुझा भाऊ सध्या मातब्बर माणूस आहे. पाच तारखेचं दुकानाचं भाडं जाऊनही उरेल. तुला ऑक्टोबरची गोष्ट माहीतच आहे: गिऱ्हाइकाचे पैसे लांबले, खात्यात कमी पडले आणि बँकेतून आपोआप जाणारं भाडं परत आलं. वरच्या मजल्यावरून मालकांचं टाइप केलेलं पत्र खाली आलं, की पुन्हा असं झाल्यास तीस दिवसांत खोली रिकामी करावी. तेव्हापासून पाच तारीख जवळ आली की मला घास जात नाही. ही खोली गेली तर मी या वयात कुणाच्या हाताखाली खिळे ठोकायला उभा राहू? पण या महिन्यात निवांत आहे.

तुझ्या भावजयीचा नमस्कार. खुर्चीचं तिला कळलेलं नाही, कळवू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
खिळ्या

---

२७ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. खुर्चीवाल्याने खुर्ची घेतली हे मी कुणाला सांगणार नाही. सांगितलं तरी माझं बोलणं कुणाला कळत नाही, तेव्हा गुपित सुरक्षित आहे.

कवळीचं विचारलंस म्हणून खरं लिहिते. तुझा चेक मी भरलाच नाही. तो कपाटात टॉवेलांच्या घडीखाली आहे. ऑक्टोबरात तुझं भाडं परत आलं आणि डिसेंबरात तू मला चाळीस हजारांचा चेक देतोस, हे माझ्या मनाला पटेना. परत दिला असता तर तू महिनाभर फुगून बसला असतास. म्हणून घेतला, तोंडभर हसले आणि ठेवून दिला. तेव्हापासून सगळं मऊ करून खाते. दर आठवड्याला घडी उचलून चेक बघायचा आणि स्वतःची पाठ थोपटायची, की बघा, मी भावाचे पैसे कसे राखले.

पण आता तू मातब्बर झाला आहेस म्हणतोस आणि चेकचे तीन महिने संपत आले आहेत. शाळेच्या फीच्या खिडकीत तीस वर्षं बसले आहे, शिळा चेक कुणी घेत नाही हे मला कळतं. तेव्हा उद्या सकाळी भरते. दातांच्या डॉक्टरांची वेळही घेतली. ते म्हणाले, आजी, इतके दिवस कुठे होतात? मी म्हटलं, भाऊ श्रीमंत व्हायची वाट बघत होते. त्यांना काय ऐकू गेलं देव जाणे, त्यांनी मला पाण्याचा पेला दिला.

कंबरेला शेक घे. डब्यावर निदान उशी तरी ठेव, तुझ्याकडे उशांना काय तोटा?

तुझं सदैव भलं चिंतणारी,
ताई

---

४ मार्च, दुपारी अडीच
मालकांचा जिना

ति. ताईस,
सा. न.

कागद बँकेचा आहे, मागची बाजू कोरी दिसली म्हणून लिहायला घेतला. गुडघ्यावर ठेवून लिहितोय, अक्षर लावून घे.

सोमवारी मोबाइलवर निरोप आला, खुर्ची निघाली आहे. पाच मिनिटांनी दुसरा, खुर्ची निघाली आहे. मला वाटलं, एकच निरोप दोनदा आला. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावून वाचलं आणि म्हणाला, शेठ, दोन आहेत. हे लोक बटण दाबल्यावर पैसे घेतच नाहीत म्हणे. माल गोदामातून निघाला की घेतात. आभाराच्या निरोपाखाली बारीक अक्षरांत तसं लिहिलं होतं. ज्या माणसाला अंधारात शिवणीचा टाका दिसतो, त्याला तेवढं दिसलं नाही. एकवीस आणि एकवीस, बेचाळीस हजार एका सकाळीत गेले.

तरी मी मनाची समजूत घातली. चोपन्न उरलेत, तीस हजार भाडं, निभेल. आणि काल संध्याकाळी तुझं पत्र आलं. मी ते तोंडात खिळे धरून वाचत होतो. एकही गिळला नाही, हीच या आठवड्याची कमाई.

आज सकाळी बँकेतून चष्मेवाल्या बाईंचा फोन आला. तुझा चेक आला आहे. तो दिला की चौदा उरतात, उद्या भाड्याला सोळा कमी. खातं शून्याच्या खाली जायची सोय आधी अर्ज करून घेतली असती तर थोडं व्याज देऊन भागलं असतं, पण त्याला चार दिवस लागतात. न विचारता खाली गेलं तर एक तर भाडं परत पाठवतील, नाही तर देतील आणि रोजचा दंड लावतील. यांतलं काय, ते कॉम्प्युटर ठरवतो. मी विचारलं, तुम्ही नाही का ठरवत? त्या म्हणाल्या, काका, आमचं तो ऐकत नाही.

तसाच बँकेत गेलो, तेव्हा त्यांनी दोन फॉर्म पुढे ठेवले. एक तुझा चेक थांबवायचा. दुसरा या महिन्याचं भाडं आपोआप जाणं थांबवायचा. चारच्या आत एकावर सही. मालकांना न विचारता भाडं थांबवलं तर खोली गेलीच म्हणून समज. त्यांचं पत्र त्याचीच वाट बघत बसलं आहे. एक खुर्ची आल्या पावली परत करीन म्हटलं, तर ते पैसे यायला आठ-दहा दिवस.

खरं सांगतो ताई, मी पहिलाच फॉर्म उचलला. तारीख लिहिली, चेकचा नंबर लिहिला, रक्कम लिहिली. पुढे एक चौकोन होता, त्यात लिहायचं होतं कारण. तिथे पेन अडलं. काय लिहू? की माझ्या ताईने माझ्यासाठी तीन महिने मऊ खाल्लं, आता आणखी खावं, कारण मला दोन खुर्च्या आल्या आहेत? चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, काहीही लिहा, कुणी वाचत नाही. पण मी वाचत होतो ना.

दुसरा फॉर्म घेऊन इथे आलो. भाडं बँकेतून जायला लागल्यापासून हा जिना पहिल्यांदाच चढलो. आतून निरोप आला की जेवण झाल्यावर बघू. आत ताटाचा आवाज येतोय. मालक फार सावकाश जेवतात.

दार उघडतंय. पुरं करतो.

खिळ्या

---

७ मार्च

चि. खिळ्यास,
आशीर्वाद, आणि कान धरून सांगते ते नीट ऐक.

तू पहिला फॉर्म भरायला हवा होतास. तीन महिने मऊ खाल्लं, आणखी तीन खाल्लं असतं. दातांवाचून माणूस मरत नाही. दुकानावाचून तू घरात बसलास तर तुझी बायको मरेल. एवढं साधं कळत नाही आणि म्हणे मातब्बर.

पत्र मिळताच मी डॉक्टरांकडे धावले. चेकचे पैसे परवा जमा झाले आणि मी कालच त्यांना देऊन टाकले होते. परत मागितले. ते म्हणाले, आजी, तुमच्या तोंडाचा साचा प्लॅस्टरमध्ये ओतून झाला, आता तो दुसऱ्या कुणाला बसणार नाही. मी निम्मे तरी द्या म्हटलं. त्यांनी पुन्हा पाण्याचा पेला दिला.

आणि माझं बघ. तीस वर्षं आईबापांना सांगत आले की पावतीची मागची बाजू वाचा. घरी येऊन मात्र चेक टॉवेलाखाली घालून बसले आणि त्याला मी भावाचे पैसे राखणं म्हणत होते. राखत कुठची, मी तुला फसवत होते रे. तुझ्या मशीनमध्ये जे जास्तीचे दिसत होते, त्यातले चाळीस हजार माझ्या कपाटात होते. तुझी पेन्सिल बरोबर होती, तिला पुन्हा कानावर ठेव.

मालक काय म्हणाले? माझा जीव त्या जिन्यावर अडकला आहे. वाईट असलं तरी लिही. खोली गेली असेल तर माझ्याकडची पुढची खोली मोकळी आहे. गिऱ्हाईक इथे येत नाही, पण मी तर आहे.

काळजीने अर्धी झालेली,
ताई

---

१६ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

चार तारखेच्या संध्याकाळीच मी ‘खोली आहे’ एवढं कार्ड टाकलं होतं. ते तुझ्या पत्राला वाटेत चुकवून गेलं असेल. आता सविस्तर ऐक.

मालक हात पुसत बाहेर आले. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा जोर लावून दाबलेल्या बटणापासून तुझ्या टॉवेलांपर्यंत. काही लपवलं नाही, लपवायला वेळही नव्हता, साडेतीन वाजत आले होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, खुर्ची निदान बरी आहे का? मी म्हटलं, फोटोत बरी होती. तेव्हा ते भिंतीला धरून जे हसले, की आतून मालकीणबाई बघायला आल्या.

मग गंभीर झाले. म्हणाले, पूर्वी पाच तारखेला पाचही भाडेकरू वर यायचे, बसायचे. आता मशीन पैसे पाठवतं. कोण जिवंत आहे, कोण नाही, ते मला पासबुकावरून कळतं. ऑक्टोबरात तुमचे पैसे आले नाहीत त्याचा राग नव्हता. तुम्ही खाली होता, सतरा पायऱ्या, आणि सांगायला आला नाहीत, त्याचा होता.

ऑक्टोबरात मी त्यांच्या पायांचा आवाज आला की शिवणयंत्र जोरात चालवायचो, कामात आहे असं वाटावं म्हणून.

त्यांनी फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: मुदत दिली, पंधरापर्यंत. अट एकच. यापुढे भाडं बँकेतून नको, पाच तारखेला हातात आणून द्यायचं आणि बसायचं. मी जो पळत सुटलो! बँकेत पोचलो तेव्हा चष्मेवाल्या बाई शिक्के खणात ठेवत होत्या. एक पुन्हा बाहेर काढून त्यांनी मारला आणि म्हणाल्या, काका, आता पाणी प्या. आम्हा भावंडांना हल्ली सगळीकडे पाणीच मिळतंय.

एक खुर्ची परत गेली, पैसे बारा तारखेला आले. दुसरी ठेवली. भरण इतकं भिकार की मी ती उसवून पुन्हा भरली. आता बरी आहे आणि अर्थातच काल एका गिऱ्हाइकाने उचलून नेली. बायकोला सगळं कळलं आहे. तिने फक्त मोबाइल स्वतःकडे ठेवला.

चौदाला पैसे घेऊन वर गेलो. मालकांनी दोनदा मोजले, पावती दिली आणि समोर बसवलं. साडेदहाला सुरू झाले ते एक वाजता थांबले. पाण्याची टाकी, गुडघा, मेहुण्याशी चाललेली कोर्टकचेरी, पुन्हा गुडघा. बँकेचा दंड स्वस्त पडला असता असं मला मध्ये तीनदा वाटलं. निघताना भीत भीत विचारलं, की ते टाइप केलेलं पत्र आता मागे घ्याल का? ते म्हणाले, छे, ते राहू दे. नाही तर तुम्ही वर कशाला याल?

तेव्हा खोली आपली आहे, पण तिचं भाडं वाढलं आहे असं समज. पाच एप्रिलसाठी दारावर लावायची पाटीही रंगवून आणली: मालकांकडे गेलो आहे, कधी सुटेन सांगता येत नाही.

कवळी बसली की लगेच लिही. तुझ्या आशीर्वादाची सवय आहे, ती मोडू नकोस.

तुझा,
खिळ्या