राजीचं गाणं आणि रेडिओची खडखड

अक्का,

दुसऱ्याच्या यंत्राला हात लावू नये, हे माझं आयुष्यभराचं तत्त्व. आज तू मोठ्या देवळात गेलीस आणि मी तुझा लिलावातला रेडिओ उघडला. संध्याकाळी सहाला राजी तिरुची रेडिओ केंद्रावरून गाणार. तुझ्या लेकीच्या गाण्यात खडखड नको, एवढंच मनात होतं. स्पीकरचा कागद माझ्या अंगठ्याने फाटला. भाताच्या शितांनी चिकटवला, पण आता बायकासुद्धा घोगऱ्या आवाजात गातात.

समोर उभं राहून सांगायचं धैर्य नाही. सहाला त्यांच्याकडे गाणं ऐकायला येऊ का, हे शेजारच्या शेषगिरींना विचारायला गेलोय. तुझा नि त्यांचा अबोला ठाऊक आहे. पण त्यांचा रेडिओ ऐकायला बोलावं लागत नाही.

खडखड तरीही चालूच होती. विडा लावायला रेडिओवरचा पितळी पानडबा उचलला, तेव्हा थांबली. डबा माझाच.

तुझा भाऊ तुळजा