शेपटीच्या आतले पाय

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तुमच्याबद्दल वाईट बोललेलं मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही. अर्ध्या पुण्याला तुम्ही पोहायला शिकवलंत, असं लोक सांगतात. मला शिकवलंत का, हे कुणी विचारत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आई कामावर गेली की तुम्ही मला तलावावर घेऊन जायचात. तिकीटखिडकीमागच्या बाकावर मी दिवसभर बसून असायचे. डावा पाय पोलिओनं बारीक राहिलेला. कुणी आलं की तो बाकाखाली ओढून घ्यायचा, ही तुमची शिकवण. जुन्या प्रवेशअर्जांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी जलपऱ्या काढायचे. चेहरे कधी जमले नाहीत, शेपट्या मात्र जमायच्या. कमरेशी मोठे खवले, खाली येता येता बारीक, कौलांसारखे एकावर एक. एकदा तुम्ही कागद उचलून पाहिलात आणि म्हणालात, "बरं आहे. मासा झालीस की पायांचा प्रश्नच मिटला." खिडकीतले कारकून हसले. मीही हसले. तुम्ही माझ्याशी कधी नव्हे तो विनोद केलात, याचाच मला आनंद झाला होता.

त्याच सुट्टीतली एक दुपार. बायकांची वेळ संपलीय, तलाव रिकामा आहे. मी नऊ वर्षांची, फ्रॉक घालूनच कठड्याला धरून पायऱ्या उतरते. पाणी कमरेपर्यंत येतं आणि पाय पहिल्यांदाच हलका होतो, दुसऱ्या पायाइतकाच. तेवढ्यात पुढच्या तुकडीतली मुलं आणि त्यांचे आईवडील दारातून आत येतात. तुम्ही येऊन मला काखेत धरून वर काढता. ओरडत नाही. खालच्या आवाजात म्हणता, "लोक इथं पोरं धडधाकट व्हावीत म्हणून पाठवतात. तुला बघून काय म्हणतील?" आणि टॉवेल माझ्या खांद्यांवर नाही, पायांवर टाकता. मी कुडकुडत असते. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला घोट्यापर्यंतचा हिरवा परकर आणलात. तुमच्याकडून मिळालेली तेवढीच भेट मला आठवते.

छत्तिसाव्या वर्षी कंबर धरली, डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. बिबवेवाडीतल्या तलावावर शिकवणाऱ्या बाई तुमच्याच विद्यार्थिनी निघाल्या. आडनाव ऐकून त्यांचे डोळे भरून आले. "सर किती मायेनं शिकवायचे. हनुवटीखाली हात धरायचे, माझी भीती जाईपर्यंत सोडायचे नाहीत." मी मान डोलावली. त्या दिवशी पाण्यात मी रडले. तिथं ते कुणाला कळत नाही.

सहा महिने सकाळच्या पहिल्या वेळेत, तलावावर बाई आणि मी दोघीच असताना शिकले. मग शेपटी शिवायला घेतली. पहिली रेनकोटच्या कापडाची केली, तर तिच्यात पाणी भरलं आणि मी तळाशी गेले. बाईंनी ओढून काढलं. मग पोहण्याच्या पोशाखाचं ताणणारं कापड आणलं, खाली जाड प्लास्टिकचा पर कापून बसवला. झटका दिला की पाय लगेच सुटतील अशा टाचेच्या पट्ट्या लावल्या. खवले हातानं रंगवले. दोन्ही पाय एकत्र बांधले की चांगला पाय दुसऱ्यालाही ओढून नेतो. लोक बघायला थांबले. आता ऑर्डरी येतात. मुली येतात, बोटांनी खवले चाचपतात.

गेल्या महिन्यात मांजरी गावाहून एक बाई अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचे पाय गुडघ्यांपासून खाली भाजल्याच्या खुणांचे. मी मापं घेतली आणि तिच्या आईला म्हणाले, "काळजी करू नका, काही दिसणार नाही." आईचा चेहरा निवळला. मुलीचा नाही. तिनं मला विचारलं, "काकू, तुम्ही शेपटीशिवाय पोहता?"

मी म्हणाले, "हो, पोहते की."

हे लिहून कुणाला पाठवणार? तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही शुद्धलेखन तपासून परत केलं असतंत. आईला दाखवता येणार नाही, ती अजून रोज तुमच्या फोटोला हार घालते. तरी एक लिहून ठेवते. त्या मुलीशी मी खोटं बोलले. शेपटीशिवाय, शिकवणाऱ्या बाईंखेरीज कुणी बघत असताना, मी आजवर एकदाही पाण्यात उतरलेली नाही.